मखमलाबादच्या घरचे कॅमेरे आणि रेकॉर्डिंगचा संगणक : प्रकल्प नोंदी

१८ मे २०२५

आज सकाळी बोअरची मोटर चालू होईना म्हणून मागच्या आवारात जाऊन पाहिले, तेव्हा स्टार्टरपासून बोअरच्या तोंडापर्यंतची केबल कोणीतरी कापून नेल्याचे आढळले. नळाला पाणी वेळेवर येत असल्यामुळे बोअर आम्ही तीन-चार दिवसांतून एकदाच चालवतो, त्यामुळे चोरी नेमकी कधी झाली हे सांगता येत नव्हते. जिन्याच्या माथ्यावर दोन वर्षांपूर्वी बसवलेला एक वायफाय कॅमेरा आहे. त्यात ६४ जीबीचे कार्ड आहे आणि दोन एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) वेगाने रेकॉर्डिंग करताना दिवसाला २१.६ जीबी भरतात, म्हणजे तीन दिवसांपलीकडचे त्यात काही उरत नाही. १६ तारखेच्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांची क्लिप हाती लागली, तीही केवळ काही तासांनी वाचली म्हणून.

क्लिपमध्ये एक माणूस कंपाउंडवरून उतरतो, आठ मिनिटे बोअरपाशी बसतो आणि जाताना एकदा सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो. तिथे थांबवून चित्र मोठे केले, तर चेहऱ्याच्या जागी करड्या रंगाचे काही चौकोन दिसले. मोजले तेव्हा चेहऱ्याची रुंदी दहा पिक्सेल भरली. तक्रार नोंदवताना ही क्लिप दिली खरी, पण तिच्यावरून त्या माणसाच्या सख्ख्या भावालाही तो ओळखता आला नसता.

नव्या व्यवस्थेकडून काय हवे ते आजच लिहून ठेवतो, कारण दुकानात गेल्यावर मेगापिक्सेलच्या आकड्यांत ते विसरायला होते. फाटक आणि मागचे आवार या दोन ठिकाणी आलेल्या माणसाचा चेहरा ओळखता आला पाहिजे. बाकी ठिकाणी कोणी आले-गेले एवढे कळले तरी पुरे. रेकॉर्डिंग किमान तीन आठवडे टिकले पाहिजे. वीज गेली तरी काम थांबता कामा नये. घरातील चित्रे घरातच राहिली पाहिजेत. एकूण खर्चाची मर्यादा साठ हजार.

२४ मे २०२५

नाना ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होते, त्यामुळे अंदाजाने काम करणे त्यांना खपत नाही. टेप घेऊन आम्ही दोघांनी घर मोजले. पोर्चच्या खांबापासून फाटक ९ मीटर, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून बोअर ४ मीटर, आणि जिन्याच्या माथ्यावरून तेच बोअर तिरके धरून ११ मीटर. या शेवटच्या आकड्यातच जुन्या कॅमेऱ्याच्या अपयशाचे कारण आहे. त्याची लेन्स सुमारे ११० अंशांचे दृश्य घेते. ११ मीटरवर ते दृश्य ३१ मीटर रुंद होते आणि १९२० पिक्सेल तेवढ्या रुंदीवर पसरले की मीटरला ६१ पिक्सेल येतात. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणून त्याच्या वाट्याला दहा.

निगराणी कॅमेऱ्यांसाठीच्या ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी सोयीचे टप्पे दिलेले आहेत. कोणीतरी आहे एवढे कळायला मीटरला २५ पिक्सेल, हालचाल व पेहराव पाहायला ६२.५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० पिक्सेल लागतात. हे आकडे हाताशी घेतल्यावर कॅमेरा निवडणे हे बरेचसे त्रिकोणमितीचे गणित होऊन बसते. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र २५६० पिक्सेल रुंद असते. २.८ मिलिमीटरची लेन्स सुमारे १०० अंश पाहते, तेव्हा ४ मीटरवर दृश्य साडेनऊ मीटर रुंद होऊन मीटरला २६९ पिक्सेल मिळतात. बोअरसाठी हे पुरेसे आहे. तीच लेन्स पोर्चवरून ९ मीटरवरच्या फाटकावर रोखली तर मीटरला ११९ च मिळतात. तिथे ६ मिलिमीटरची, म्हणजे ५२ अंशांच्या आसपास पाहणारी लेन्स घेतली तर २९१ मिळतात. बदल्यात आजूबाजूचे अंगण दिसत नाही, पण त्यासाठी पोर्चमध्ये दुसरा कॅमेरा लावता येईल.

हिने विचारले की मग सरळ आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे का घ्यायचे नाहीत. दिवसा तिचे म्हणणे बरोबर ठरेल; परंतु सेन्सर तेवढाच ठेवून त्यात दुप्पट पिक्सेल बसवले की प्रत्येकाच्या वाट्याचा प्रकाश निम्मा होतो, आणि आमचा पाहुणा पहाटे पावणेतीनला येतो. म्हणून फाटक आणि मागचे आवार या दोन जागी चारच मेगापिक्सेल, पण १/१.८ इंची मोठ्या सेन्सरचे कॅमेरे घ्यायचे ठरवले. पोर्च, बाजूची बोळ आणि गच्चीचा जिना यांना साधे चालतील. एकूण पाच.

१ जून २०२५

रेकॉर्डिंग कशावर करायचे यावर आठवडा गेला. कोएक्स केबलवरून चित्र घेणाऱ्या डीव्हीआरचा प्रश्नच नव्हता, कारण तसली जुनी केबल घरात कुठेच टाकलेली नाही. खरी निवड तयार एनव्हीआर (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारी पेटी) आणि संगणक यांच्यात होती. एनव्हीआर वीज कमी खातो आणि अर्ध्या तासात चालू होतो. ज्याला दर महिन्याला त्यात डोके घालायचे नाही त्याने तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्या पुऱ्या सोयी बहुधा त्याच कंपनीच्या कॅमेऱ्यांबरोबर मिळतात. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये ओएनव्हीआयएफ हा सामाईक करार सुरू केल्यापासून वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलतात, पण ते बोलणे अनेकदा चित्रापुरतेच असते; माणूस ओळखणे, क्षेत्र आखणे या गोष्टी मध्येच गळतात.

संगणक घेतला की कॅमेरा, डिस्क आणि सॉफ्टवेअर यांतले काहीही बाकीच्यांना धक्का न लावता बदलता येते. माझ्याकडचा जुना टॉवर वापरायचा विचार होता, पण वॅटमीटर लावून पाहिले तेव्हा तो निवांत बसूनही ७० वॅट खात होता, म्हणजे महिन्याला ५० युनिट. एन-१०० चिपचे छोटे संगणक फार काटकसरी आहेत, परंतु त्यांच्या पेटीत साडेतीन इंची हार्ड डिस्क मावत नाही आणि बाहेर लोंबणारी यूएसबी डिस्क वर्षानुवर्षे चालवण्याची माझी तयारी नाही. शेवटी कार्यालयांतून निघालेला, आठव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा आडवा डेस्कटॉप घेतला. त्यात मोठ्या डिस्कला एक जागा आहे, एच.२६५ (चित्र दाबून कमी जागेत साठवण्याची पद्धत) चित्र उलगडण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे, आणि वॅटमीटरवर २५ वॅटच्या आसपास आकडा येतो.

८ जून २०२५

डिस्कचा हिशेब. कॅमेऱ्यामागे चार एमबीपीएस धरले तर दिवसाला ४३.२ जीबी होतात, पाचांचे २१६. चार टीबीची डिस्क साडेअठरा दिवसांत भरते. एच.२६५ वापरून वेग तीनवर आणला की दिवसाला १६२ जीबी आणि जवळजवळ २५ दिवस. तीन आठवड्यांची अट त्यात बसते. वर्षाला सुमारे ५९ टीबी लिहिले जाईल. निगराणीसाठीच्या डिस्कना साधारण वर्षाला १८० टीबी लिखाण आणि चोवीस तास चालणे गृहीत धरलेले असते, म्हणून डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक यांपैकी जी मिळेल ती घ्यायची. कार्यप्रणाली वेगळ्या छोट्या एसएसडीवर.

१५ जून २०२५

खरेदी झाली. कॅमेरे घेताना प्रत्येक मॉडेलचा नोंदणी क्रमांक तपासला, कारण केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कसोट्या सक्तीच्या केल्या आहेत आणि जुना साठा स्वस्तात खपवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. आठ पोर्टचा पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरूनच कॅमेऱ्याला वीजही देणारा, घेतला. ८०२.३एएफ या मानकानुसार एका पोर्टवर १५.४ वॅट मिळतात आणि आपला कॅमेरा रात्रीचे दिवे लावूनही सात वॅटच्या आसपास घेतो, त्यामुळे तिथे ओढाताण नाही.

फसगत झाली ती केबलमध्ये. ३०५ मीटरचे खोके उचलतानाच नानांच्या भुवया उंचावल्या, कारण तांब्याच्या मानाने ते हलके होते. घरी येऊन त्यांनी एक तार सोलली, दाढीच्या ब्लेडने हलकेच खरवडली आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवली. लाल झिलईखाली पांढरी तार चमकत होती. आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. शिवाय ते क्रिंप करताना तुटते आणि पावसाळी हवेत जोडापाशी गंजते. दुकानदाराचे म्हणणे असे की सगळे हेच नेतात. आम्ही परत केले, दुसऱ्या दुकानातून शुद्ध तांब्याचे घेतले, आणि पहिल्याने परतीपोटी कापलेले चारशे रुपये नानांच्या तपासणीची फी म्हणून खर्चात धरले.

२२ जून २०२५

या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसल्यामुळे केबल ओढायला कोरडा दिवस शोधावा लागला. सर्वांत लांब ओढ ३८ मीटरची आहे, शंभर मीटरच्या मर्यादेच्या पुष्कळ आत. प्रत्येक कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स बसवला, त्यात केबल ग्लँडमधून खालून घेतली आणि आत शिरण्यापूर्वी तिला बोटभर खाली झोल दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तिथूनच टपकते. कॅमेरा आयपी-६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरू देणारा, असला तरी त्याचे शेपूट, म्हणजे आरजे-४५ चा जोड, तसा नसतो. पाणी शिरते ते तिथून.

मागच्या कॅमेऱ्याच्या उंचीवरून वाद झाला. नाना म्हणाले, डोक्याच्या जरा वर लाव. वायरमनने सांगितले की हात पोहोचेल तिथे लावला तर कॅमेराच चोरीला जाईल. मी वायरमनचे ऐकले आणि ३.४ मीटरवर लावला.

२९ जून २०२५

संगणकावर डेबियन ही कार्यप्रणाली, त्यावर डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) आणि त्यात फ्रिगेट हे मुक्त सॉफ्टवेअर बसवले. प्रत्येक कॅमेरा दोन प्रवाह देतो. मोठा प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहिला जातो आणि लहान प्रवाहावर सेकंदाला पाच चित्रे तपासून माणूस, वाहन, कुत्रा वगैरे ओळखले जातात. ही तपासणी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच होत असल्याने वेगळा प्रवेगक (हेच काम वेगाने करणारी चिप) घ्यावा लागला नाही. लहान प्रवाह मुद्दाम आधीच्या एच.२६४ पद्धतीत ठेवला, कारण नानांच्या जुन्या फोनवर एच.२६५ उलगडत नाही.

घड्याळे जुळवण्यात मात्र अर्धा दिवस गेला. पाचपैकी दोन कॅमेरे साडेपाच तास मागे होते आणि एक चीनच्या वेळेवर, म्हणजे अडीच तास पुढे. आता सगळे कॅमेरे आपल्या संगणकाकडून वेळ घेतात आणि संगणक राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरकडून.

६ जुलै २०२५

आषाढी एकादशी. खिचडी खाऊन नेटवर्कचे काम हाती घेतले. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातील लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, तेही कोणतीही चलाखी न करता, केवळ कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड एकेक करून वापरून. म्हणून पासवर्ड बदलले आणि शिवाय कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (घरच्याच नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाकून त्यांचा इंटरनेटशी संबंध तोडला. ते फक्त संगणकाशी बोलू शकतात. बाहेरून पाहायचे असेल तेव्हा फोनवरून वायरगार्डची खासगी वाट काढून घरात यायचे. राउटरवर कॅमेऱ्यासाठी एकही दार उघडे ठेवलेले नाही. कॅमेऱ्यांच्या कंपनीचे अ‍ॅप आम्ही वापरतच नाही.

१३ जुलै २०२५

पहिल्या आठवड्यातील रात्रींचे रेकॉर्डिंग पाहिले. सूचना २१४ आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक एका कोळ्याच्या. इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोर जाळे हलले की सगळे चित्र उजळून निघते. मागच्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंद केला आणि तीन मीटर बाजूला साधा नऊ वॅटचा एलईडी लावला. किडे तिकडे गेले, आणि रंगीत चित्र मिळू लागले ते वेगळेच.

फाटकावर चेहरा पुसट येत होता. पिक्सेल पुरेसे असूनही असे का, याचे उत्तर शटरमध्ये सापडले. अंधारात कॅमेरा आपणहून १/२५ सेकंदाचे शटर घेतो. सेकंदाला दीड मीटर चालणारा माणूस तेवढ्यात सहा सेंटीमीटर सरकतो, आणि मीटरला २९१ पिक्सेल असताना त्याचा चेहरा सतरा पिक्सेल फरफटला जातो. शटर १/१०० वर बांधून टाकले, तेव्हा फरफट चार पिक्सेलवर आली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने १/१०० ला दिव्यांची लुकलुकही होत नाही. चित्र थोडे काळवंडले. फाटकावरचा दिवा वाढवून ते भरून काढले.

बोळीतल्या कॅमेऱ्यात शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी येते. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातून घरगुती वापर वगळलेला आहे, पण कायद्यातून सुटका म्हणजे शेजारधर्मातून सुटका होत नाही. तेवढा भाग कॅमेऱ्यातच काळ्या पट्टीने झाकला, जेणेकरून तो डिस्कपर्यंत पोहोचणारच नाही. आवाजाचे रेकॉर्डिंगही सर्वत्र बंद केले. काकूंना बोलावून पडद्यावर दाखवले. त्यांनी चष्मा लावून निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "खिडकी झाकलीस ते बरं केलंस रे, पण माझं फाटक कशाला झाकलंस? तेवढं दिसू दे की." पट्टी वीतभर अलीकडे घेतली.

२७ जुलै २०२५

गल्लीत बिबट्याची चर्चा आहे. मळ्यांच्या कडेला राहणाऱ्या नाशिककराला त्यात नवल वाटत नाही, पण पहाटे पाच वाजता आई मागच्या आवारात फुले तोडायला जाते, त्यामुळे तिला आधी कळले तर बरे, असे सगळ्यांचे मत पडले. फ्रिगेटच्या यादीत शोधले. त्याचे ओळखयंत्र कोको या प्रतिमासंचावर शिकलेले आहे. त्यातल्या ८० वर्गांत हत्ती, अस्वल, झेब्रा आणि जिराफ आहेत, बिबट्या नाही. मखमलाबादला जिराफ आला तर आम्हाला तत्काळ कळेल.

तोडगा असा काढला की बिबट्या या यंत्राला कुत्रा किंवा मांजर वाटण्याचा संभव सर्वाधिक आहे, तेव्हा मोठ्या आकाराच्या कुत्र्या-मांजराची सूचना मागवावी. पहिल्याच रात्री सूचना आली ती मोत्याची. तो कॅमेऱ्याच्या अगदी खाली येऊन बसला होता आणि जवळ असल्यामुळे मोठा दिसत होता. आकार अंतरावर अवलंबून असतो हे मी विसरलो होतो. आता फक्त मागच्या कंपाउंडच्या भिंतीपुरते क्षेत्र आखले आहे. तिथले अंतर ठरलेले आहे, म्हणून मोत्याची चौकट किती पिक्सेलची होते ते मोजून मर्यादा त्याच्या दीडपट ठेवली. तेव्हापासून सूचना आलेली नाही. आईला तरीही सांगितले आहे की उजाडल्याशिवाय मागचे दार उघडायचे नाही. यंत्राच्या भरवशावर ती सवय मोडायला मी तयार नाही.

१० ऑगस्ट २०२५

काल राखीसाठी ताई आली होती, तेव्हा भाच्याला कामाला लावले. रात्री अडीच वाजता टोपी घालून त्याने कुठूनही आत यायचे, बोअरपाशी जाऊन परत जायचे, आणि कुठून आला ते कोणाला सांगायचे नाही. त्याचवेळी मी मेन स्विच खाली ओढणार होतो.

वीज जाताच संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि मधली दीड मिनिटे गेली. इन्व्हर्टरच्या पाठीवरचा खटका साध्या मोडवर होता. तो यूपीएस मोडवर सरकवल्यावर तीनदा वीज घालवून पाहिली, संगणक जागचा हलला नाही. कॅमेरे, स्विच, राउटर आणि संगणक मिळून ७५ वॅट होतात, तेव्हा १५० एएचच्या बॅटरीवर पंखे बंद ठेवले तर रात्र निघेल.

फाटकावरून भाचा शिरला नव्हताच. बोळीतून आला होता. मागच्या कॅमेऱ्यात तो स्वच्छ दिसतो, शर्टावरच्या रेघा मोजता येतात, आणि चेहऱ्याच्या जागी टोपीचा माथा आहे. पिक्सेल २६९ होते, ते सगळे टोपीवर खर्च झाले. ३.४ मीटरवरून ४ मीटर दूरच्या चेहऱ्याकडे पाहताना कॅमेरा २४ अंश खाली झुकतो. अडीच मीटरवर आणला तर हाच कोन १३ होईल. नानांनी क्लिप दोनदा पाहिली आणि शिडी कुठे ठेवली आहे ते विचारले.

१७ ऑगस्ट २०२५

मागचा कॅमेरा अडीच मीटरवर आणला, भोवती लोखंडी पिंजरा केला आणि केबल भिंतीतून थेट आत घेतली, म्हणजे बाहेर कापण्यासारखे काही उरले नाही. क्लिप बाहेर काढण्याची रीतही ठरवून ठेवली. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी बदलणारा आकडा) लिहायचे असते, म्हणून क्लिप काढली की तिचे शा-२५६ मूल्य त्याच फोल्डरमध्ये आपोआप लिहिले जाईल अशी छोटी स्क्रिप्ट केली.

संध्याकाळी बोअरला नवी केबल जोडली. भाचा गावी गेल्यामुळे टोपी या वेळी मी घातली. चेहऱ्याची रुंदी ४२ पिक्सेल भरली, आणि आईने पडद्याकडे न पाहिल्यासारखे करत विचारले की मी दाढी कधी करणार आहे.